पिवळी बंडी

माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. माझ्या तोंडाला मात्र एकही नाही, असं माझी थोरली बहीण म्हणते. म्हणू दे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्या बाईनं तोंडही मुठीत धरावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि त्या बास्केटबॉलच्या कोचसमोर गप्प बसणं तर मला सात जन्मांत जमलं नसतं.

गोष्ट माझ्या भाचीची, त्या बहिणीच्याच मुलीची. ताडमाड वाढली म्हणून घरात सगळे तिला ताडू म्हणतात. शाळा संपायच्या आतच ती वडिलांच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली होती. वडिलांचं, म्हणजे माझ्या भाऊजींचं, कापडाचं दुकान आहे. अरुंद, खोल, आणि भिंतींना थेट छतापर्यंत कप्पे. वरच्या कप्प्यांतले तागे काढायला पूर्वी एक लाकडी शिडी होती. तिची पायरी मोडली तेव्हा भाऊजी म्हणाले, "घरात ताडू असताना शिडी कशाला?" तेव्हापासून शाळा सुटली की पोरगी दुकानात. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं आणि हिनं टाचा उंचावून तागा खाली घ्यायचा, दाखवायचा, पुन्हा घडी घालून वर ठेवायचा. घडीवर घडी अशी बसवते की इस्त्रीनंही शरमावं.

बास्केटबॉलशी तिची गाठ अशीच पडली. शाळेच्या मैदानावर रिंग आणि फळीच्या मधे बॉल अडकला होता आणि खेळाचे मास्तर खालून काठीनं ढोसत होते. ताडू तिथून चालली होती. तिनं दप्तर खाली ठेवलं, उडी मारली आणि बॉल काढून त्यांच्या हातात दिला. मास्तर बॉलकडे बघतच नव्हते म्हणे, हिच्याकडेच बघत राहिले. त्यानंतर तिचे पाय दुकानात आणि मन मैदानावर, अशी वाटणी झाली. बारावीनंतर माझ्या गावातल्या कॉलेजनं तिला संघात घेतलं आणि ती माझ्याकडे राहायला आली. माय मरो पण मावशी उरो, असं लोक उगाच म्हणत नाहीत. माझ्या पलंगाबाहेर तिचे पाय लोंबायला लागले म्हणून मी पायथ्याशी एक स्टूल ठेवलं.

भाऊजींनी सोडलं, पण अट घालून. दुकानाच्या दारात उभं राहून ते तिला म्हणाले, "खेळणार असशील तर जा, माझी ना नाही. पण तिथं जाऊन बाकावर बसायचं असेल तर आपल्या दुकानात बाकडं आहे. आणि ते घराजवळ आहे." सुरुवातीचे सामने होऊ द्यायचे, मग ते स्वतः येऊन बघणार आणि काय ते ठरवणार. ताडूनं मान डोलावली. भाऊजी आवाज चढवत नाहीत, पण दिलेला शब्द आणि घातलेली अट, दोन्ही सोडत नाहीत.

आता त्या संघाची रीत ऐका. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तुमचं काय होतं बघा.

सरावाच्या वेळी नव्या मुलींना पिवळ्या बंड्या घालायला देतात. बिनबाह्यांच्या, रंग उडालेल्या, वर्षानुवर्षं कुणाकुणाच्या घामानं कडक झालेल्या. बंडी घातली की त्या मुलीनं पुढच्या सामन्यातला विरुद्ध संघ व्हायचं. कोच त्या संघाचे व्हिडिओ दाखवणार, प्रत्येकीला एकेक खेळाडू वाटून देणार, आणि तिनं आठवडाभर त्या परक्या मुलीसारखं पळायचं, तिच्यासारखं फेकायचं. कशासाठी? तर जुन्या मुलींना तिला अडवायचा सराव व्हावा म्हणून. आठवडा संपला की दुसरा संघ, दुसरी मुलगी. आपल्या स्वतःच्या संघाचा खेळ कुठून कसा रचतात, कुणी कुठे सरकायचं, हे या नव्या मुलींना शिकवतं कोण? कुणीच नाही. त्यांनी ते बाकावरून बघायचं.

पहिल्या सामन्यात आपला संघ भरपूर पुढे गेल्यावर, लोक उठून चालायला लागल्यावर, कोचनं ताडूला आत पाठवलं. पोरीनं आठवडाभर जे केलं होतं तेच पायांनी केलं. विरुद्ध संघाची उंच मुलगी जिथे उभी राहते तिथे जाऊन ही उभी राहिली. कप्तान मुलीनं तिच्यासाठी बॉल फेकला तो दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे ताडू असायला हवी होती. बॉल सरळ रेषेबाहेर गेला. हॉल हसला. कोचनं हातानं खूण करून तिला परत बोलावलं आणि शेजारच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून मी नवीन मुलींना खेळवत नाही."

म्हणजे पोहायला शिकवायचं नाही, आणि बुडाली की म्हणायचं, बघा, हिला पोहता येत नाही! दुसऱ्या सामन्यात तेच, तिसऱ्यात तर तेवढंही नाही. रात्री जेवताना ताडू म्हणायची, "असू दे गं मावशी, माझंच चुकलं." मला तर घास उतरायचा नाही. ज्याची चूक त्याचं नाव घ्यायला ही पोरगी तयारच नव्हती.

मग एके दिवशी माझी शिकवणी संपल्यावर मी गाडी वळवली ती थेट कॉलेजच्या हॉलपाशी. कोच बॉलची जाळी आवळत होता.

"सर, ताडूला कधी खेळवणार?"

"मॅडम, सीझन आत्ताच सुरू झालाय. नव्या मुलींनी आधी बघून शिकायचं असतं."

"बघून शिकता आलं असतं तर मागच्या सीटवर बसणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हर झाला असता. मी गाडी शिकवते. पहिल्या दिवशी स्टिअरिंग हातात देते."

"तुमच्याकडे दुसरा ब्रेक असतो," तो हसून म्हणाला. "सामन्यात नसतो."

उत्तर बिनतोड होतं, त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला. मी दार आपटून निघाले. हॉलचं दार आपोआप सावकाश बंद होणारं होतं, त्यामुळे तेही धड आपटलं नाही.

चौथ्या सामन्याला भाऊजी येणार होते. समोर होता सगळ्यांत तगडा संघ, आणि त्यात एक डावरी मुलगी, जिला त्या मोसमात अजून कुणाला अडवता आलं नव्हतं. सरावात डावरी व्हायचं काम कुणाला मिळालं असेल? ताडूला. घरात ती डाव्या हातानं जेवायला लागली, डाव्या हातानं दात घासायला लागली. एकदा मला म्हणाली, "मावशी, ती आत घुसायच्या आधी बॉल एकदा अगदी गुडघ्याखाली आपटते. दर वेळी. तिला स्वतःला माहीत नसेल."

"मग हे कोचला सांग की."

"सांगितलं. ते म्हणाले, तू तुझं काम कर."

भाऊजी आले ते रिकामी बॅग घेऊन. मोठी, चेन लावलेली. कशासाठी आणली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ती माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि आम्ही हॉलमध्ये शेजारी शेजारी बसलो. ताडूनं बाकावरून आमच्याकडे एकदाच बघितलं.

डावरीनं आमच्या मुलींना पाणी पाजलं. कप्तान तिला अडवायला जायची आणि धक्का दिला म्हणून शिट्टी वाजायची. पाच वेळा असं झालं की मुलीला बाहेर जावं लागतं. तिसऱ्या डावात कप्तानचे चार झाले, संघ चौदा गुणांनी मागे पडला आणि कोचला तिला बाकावर बसवण्यावाचून इलाज उरला नाही. जुन्या मुलींतली दुसरी कुणी डावरीसमोर जायला तयार होईना. अडला हरी... तर त्यानं ताडूकडे बोट केलं.

पुढचं मी जन्मभर विसरणार नाही. डावरीनं बॉल गुडघ्याखाली आपटला आणि तिनं पाऊल उचलायच्या आधी ताडू तिच्या वाटेत उभी. पुन्हा आपटला, पुन्हा ही तिथेच. तिसऱ्यांदा तर ताडूनं बॉल खालच्या खाली काढून घेतला आणि सगळं मैदान ओलांडून बास्केटमध्ये टाकून आली. डावरी स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. आठवडाभर ताडू तीच मुलगी होऊन जगली होती, आता तिला तिच्याच खेळात कोंडणं किती अवघड असणार? चौदाचे आठ झाले, आठाचे दोन. भाऊजींना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण ते उभे होते, हातातला रुमाल पिळत.

आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना कोचनं ताडूला बाहेर काढलं. कप्तानला आत पाठवलं.

"का?" भाऊजी म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "तिला बाहेर का काढलं?" ज्या माणसानं गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नाही, तो माणूस ओरडला. गरज सरो वैद्य मरो, तेही वैद्य अजून रोग्याची नाडी धरून बसलाय तेवढ्यातच. डावरीनं पुढच्याच चालीत कप्तानला चकवलं, तिला पाचवी शिट्टी बसली, आणि आपण हरलो. ताडू बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली होती. रडली नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

सामना संपल्यावर कोच स्वतःच आमच्याकडे आला, हसत. "छान खेळली तुमची मुलगी. शेवटी मात्र अनुभव लागतो. पुढच्या संघातही एक उंच मुलगी आहे. तिची नक्कल ताडूइतकी चांगली दुसरं कुणी करणार नाही."

भाऊजींनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. "सर, माझं कापडाचं दुकान आहे," ते म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली आला होता. "गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही एक तुकडा बाहेर ठेवतो. सगळे तो हाताळतात, चुरगळतात, उजेडात नेऊन बघतात. त्याच्या जिवावर अख्खा तागा विकला जातो. पण तो तुकडा कुणी शिवून अंगात घालत नाही. मळला की आम्ही त्यानं काच पुसतो. माझ्या मुलीचं तुम्ही तेच करून ठेवलंय."

"साहेब, धीर धरावा लागतो. पी हळद नि हो गोरी, असं खेळात नसतं."

"आधी हळद पिऊ तर द्या!" मी म्हणाले. तेवढं तरी मला बोलता आलं.

गाडीपाशी भाऊजींनी डिकी उघडून बॅग बाहेर काढली आणि ताडूसमोर धरली. अट ती अट. "घरी चल," ते म्हणाले. "अशा ठिकाणी तुला ठेवायची नाही मला."

मला वाटलं, ही आता मान डोलावणार, नेहमीसारखी. तिनं बॅग घेतली, परत डिकीत ठेवली आणि झाकण लावलं.

"बाबा, तुमची अट मी बाकावर बसण्याची ऐकली होती. आज मी बसले नाही. त्यांनी बसवलं. यात फरक आहे."

"आणि ती पिवळी बंडी?" मी विचारलं.

"ती बघते मी."

भाऊजींनी पुन्हा डिकी उघडली. रिकामी बॅग घेऊन ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. हो किंवा नाही, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही, आणि ते ताडूला जास्त लागलं.

सोमवारी सरावाला मी तिला सोडलं आणि निघून जायचं सोडून दाराच्या काचेतून बघत राहिले. ताडूनं पिवळ्या बंड्या गोळा केल्या. दुकानात घालते तशी प्रत्येकीची घडी घातली, काठाला काठ लावून, आणि तो गठ्ठा कोचसमोर बाकावर ठेवला. बाकीच्या नव्या मुली तिच्यामागे उभ्या होत्या, घाबरून, पण उभ्या.

"आम्ही घालू सर, पण सगळ्यांच्या पाळ्या लावा. आणि आम्हाला आपला खेळ शिकवा."

"मग आज समोरचा संघ कोण होणार?" कोचनं विचारलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला तो फ्रेम करून भिंतीवर लावावासा वाटला.

कुणी हलेना. मग कप्तान उठली. या मुलीला मी महिनाभर मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. तिनं गठ्ठ्यातली वरची बंडी उचलली, झटकली आणि अंगात चढवली. "बरोबर बोलतेय ती, सर. परवा तिला काढायला नको होतं," ती म्हणाली. "मला आत यायचं नव्हतं. मी बोलले नाही."

पुढच्या सामन्यात ताडू पहिल्या पाचांत नव्हतीच, कोच काही एका रात्रीत बदलत नसतो. पण दुसऱ्या डावात ती आत गेली. चुकीच्या कोपऱ्यात पळाली, बॉल पुन्हा रेषेबाहेर गेला. कोचचा हात अर्धवट वर आला. कप्तान त्याच्याकडे बघत होती. हात खाली गेला. ताडू चुकली आणि चुकूनही आतच राहिली, आणि पुढच्या वेळी ती बरोबर कोपऱ्यात होती.

घरी आल्यावर तिनं वडिलांना फोन लावला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले, कान मात्र बाहेर.

"बाबा, आज खेळले. बराच वेळ." मग ती नुसतीच ऐकत राहिली.

फोन ठेवून ती आत आली, फळीवरचा डबा उगाचच काढला, उगाचच परत ठेवला.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाले, दुकानात नवीन शिडी घेतलीये."