आवाज काढलेली खच्चरं

बैलाचा गळा सुजून घागरीएवढा झाला होता आणि हातातलं ब्लेड कुठं टेकवायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

रोग घटसर्प. पावसाळ्यात जनावरांना होतो. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास कोंडतो. इंजेक्शन मी दिलं होतं, पण ते लागू पडायला काही तास लागतात आणि बैलाची जीभ आत्ताच निळी पडली होती. उरला ट्रेकिओटॉमीचा उपाय. म्हणजे सुजेच्या खाली श्वासनलिकेला भोक पाडायचं आणि त्यात नळी बसवायची. कॉलेजात मी ते एकदाच केलं होतं, तेही मेलेल्या म्हशीवर.

साल सत्त्याऐंशी. बाजारहत्नूरजवळचं खेडं. सरकारी जनावरांचा डॉक्टर म्हणून माझे जेमतेम चार महिने झालेले. बैलाचे मालक किसनबाबा सत्तरीला टेकलेले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"सायब, पयल्यांदाच करून राह्यले का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायचंही अवसान नव्हतं.

बाबांनी बैलाच्या मानेवर दोन बोटं ठेवली. "हे नळीचे कडे लागतात का हाताले? ह्या दोघाइच्या मंदात. कातडी उभी कापा. रगताले भेऊ नका. म्या डोकं धरतो."

त्यांनी डोकं असं धरलं की तेवढा मोठा बैल जागचा हलला नाही. मी कापलं. फुस्सकन हवा आली, रक्ताचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले. बॅगेतल्या जाड रबरी नळीचा तुकडा बसवला. थोड्या वेळानं जीभ गुलाबी झाली.

"बाबा, हे कुठं शिकलात?"

पाण्याचं पातेलं घेऊन उभी असलेली त्यांची सून सुमनबाईही थबकली. तिलाही ठाऊक नव्हतं.

"बर्माच्या लडाईत," बाबा म्हणाले. "खच्चराइच्या पलटणीत व्हतो. जपान्याच्या पाठीमांगं जंगलात जायचं व्हतं. खच्चर वरडलं का त्याले पत्ता लागे. म्हून जायच्या आंधी त्याइचे आवाज काढून टाकले. क्लोरोफार्म देऊन पाडत, गोरा डाक्टर गळा कापे. म्या डोके धरो."

"किती खच्चरं?"

"मोजले नाई. जाग आली का तोंड उघडत. काईच आवाज ये ना. मंग माह्याकडे पाहात."

महायुद्ध म्हणजे मला रणगाडे आणि बॉम्ब माहीत. बाबांच्या सांगण्यात विमानात चढवलेली खच्चरं होती. पाठीवर तोफांचे सुटे भाग आणि वायरलेस घेऊन त्यांची रांगच्या रांग जंगलातून चालली होती, आणि त्यातल्या एकाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. एवढं अफाट युद्ध, आणि त्यातला एक माणूस माझ्यासमोर शेणात उकिडवा बसला होता.

बैलाचा ताप उतरला. तो चारा खाऊ लागला. पण नळी असेपर्यंत हवा त्या नळीतूनच बाहेर पडते, आवाजाच्या पडद्यांपर्यंत पोचत नाही. त्याच्या जोडीचा बैल शेतावरून आला की हा तोंड उघडायचा आणि आवाज यायचा नाही. बाबा तोंड फिरवून घ्यायचे.

"याचा आवाज येईन ना परत?" ते रोज विचारायचे.

"येईल," मी म्हणायचो. पुस्तकात तसं लिहिलं होतं. मी कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा जेवत नाईत जी," सुमनबाईनं मला हळूच सांगितलं. "गोठ्यातच बसून राह्यतात."

नवव्या दिवशी नळी काढली. भोक बुजायला आणखी दोन आठवडे गेले. मी जखम बघायला गेलो, तेव्हा जोडीदार नुकताच शेतावरून येत होता. आमच्या बैलानं मान वर केली, तोंड उघडलं आणि तो हंबरला. घोगरं, फाटकं, पण चांगलं मोठ्यानं. बाबांनी त्याच्या मानेला कपाळ टेकवलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

आमच्या खात्याच्या रजिस्टरात जनावर बरं झाल्याच्या नोंदीला दोनच रकाने असतात, ताप आणि जखम. मी दोन्ही भरले. मग समासात स्वतःच्या हातानं लिहिलं: हंबरतो.

वरिष्ठांनी विचारलं, "ह्याची काय गरज होती?"

मी म्हणालो, "मालकाला होती, सर."