पितळेच्या घागरीतला हिरवा

ती सकाळ आठवली की या वयातही मी खुर्चीत ताठ बसतो. विलीनीकरणाला थोडीच वर्षं झाली होती. भूम तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी नवाकोरा फौजदार होतो. जुनी दप्तरं अजून उर्दूत होती; ती वाचायला निजामाच्या काळापासूनचे एक जमादार होते. मला कामाची फार घाई असायची. नव्या फौजदाराला मोठा गुन्हा हवा असतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या दिवशी ईटच्या बाजूच्या एका गावाहून कोतवाल सायकल दामटत आला. पोलीस पाटलाची चिठ्ठी होती. आदल्या दुपारी एक शेतकरी आणि त्याचा मुलगा शेतात जेवले आणि दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. मुलगा सावरला, म्हाताऱ्याला शुद्ध नव्हती, म्हणून तो बापाला घेऊन बार्शीच्या दवाखान्यात गेला होता. भाकरी आणि ताक सुनेनं नेलं होतं. तिच्या उतरंडीत हिरव्या भुकटीची पुरचुंडी सापडली होती, आणि ताकाच्या घागरीतही हिरवं लागलं होतं. चिठ्ठी मी उभ्या उभ्या दोनदा वाचली. विषप्रयोग! माझा पहिला!

तासाभरात आम्ही गावात होतो. सासू ओसरीवर कपाळ बडवत होती. "हिनंच घातलं. म्या माझ्या हातानं पुरचुंडी काढली," असं ती येईल त्याला सांगत होती. सून विशीची, काखेत तान्ही मुलगी. मी दोन पंच बोलावले, पंचनामा केला, पुरचुंडी आणि पितळेची घागर कापडात बांधून लाखेचं सील मारलं. त्या काळी शेतकी खात्याकडून पिकावर मारायचं हिरवं विष मिळायचं, ते मी पाहिलेलं होतं. आता आणखी काय हवं? सून मधे मधे हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी लाख तापवण्यात गुंतलो होतो.

पोलीस पाटलाच्या बायकोला सोबत घेऊन सुनेला ठाण्यात आणलं. दुपारभर मी प्रश्न विचारले. पुरचुंडी लपवली का होती? ती रडत होती, मूल रडत होतं. मी जबाब लिहून काढला आणि जमादारांना म्हटलं, उद्या हिला कोर्टापुढे उभं करू. जमादारांनी चष्मा पुसत आठवण करून दिली, की मुद्देमाल मुंबईला तपासायला जाईल, अहवाल यायला महिने लागतील, तोवर ही बाई पोरीसकट तुरुंगात. म्हातारा गेला तर खुनाचं कलम. मी म्हटलं, कायदा आहे. किती सोपं असतं असं म्हणणं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिचा म्हातारा बाप आला. रात्रभर चालत आलेला, पायांना धूळ, बोटांना रंग. आजूबाजूच्या गावांतल्या लहान देवळांच्या भिंती तो रंगवायचा: पोपट, केळी, देवीचं हिरवं लुगडं. त्याने नमस्कार केला आणि पुरचुंडी दाखवा म्हणाला. मी नको म्हणणार होतो, पण जमादारांनीच पंचांना बोलावलं. सील फोडलं. म्हाताऱ्याने चिमूट घेतली, बोटांत चोळली, तांब्यातलं पाणी तळहातावर ओतलं, आणि मी हात धरेपर्यंत सगळं गिळून टाकलं!

ठाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच मुद्देमालातलं विष खाऊन माणूस मरणार! मी मिठाचं पाणी आणा म्हणून ओरडलो. म्हातारा मात्र भिंतीला टेकून शांत बसला.

"दगड हाय साहेब," तो म्हणाला. "फार तर पोट जड व्हईल. लेकीच्या सासरच्या हिरीत निघतोय."

मग त्याने सगळं सांगितलं. विहिरीला सुरुंग लावला की काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून हा मऊ हिरवा दगड निघतो. लेक तो ढिगातून वेचायची, पाट्यावर वाटायची, पाण्यात धुऊन गाळ वाळवायची आणि बापाकडे धाडायची, कारण त्याचे हात आता वाटण्याला चालत नव्हते. बाभळीच्या डिंकात खलला की झाला रंग. सासरचं माहेरी नेते असा बोल लागू नये म्हणून पुरचुंडी लपवलेली. घटकाभर गेली, दोन गेल्या. म्हाताऱ्याला काही झालं नाही. उलट त्याने भाकरी आहे का विचारलं.

"आता घागर बघू द्या," तो म्हणाला.

घागरीच्या आत काठाखाली हिरवट पापुद्रा धरला होता. म्हाताऱ्याने तो नखाने खरवडला आणि मान हलवली. "ह्यो आमचा न्हाय. ह्यो जंगाल. तांब्या-पितळंचा मळ. आमीबी वापरतो कधी, पन बोट तोंडात घालत न्हाय."

त्याने दोन वाट्यांत लिंबू पिळायला लावलं. एकीत पुरचुंडीतली भुकटी, दुसरीत घागरीतला पापुद्रा. पहिली भुकटी जशीच्या तशी तळाला बसली. दुसऱ्या वाटीत पापुद्रा विरघळून रस निळसर हिरवा झाला. आम्ही सगळे, पंचांसकट, त्या दोन वाट्यांवर ओणवे झालो होतो. जमादारांनी घागर उजेडात धरली. आत कल्हईचा मागमूस नव्हता. आंबट ताक पितळेत कळकलं होतं, आणि घरातली कुठलीही बाई ओळखेल ते मी, एवढा शिकलेला, ओळखलं नव्हतं!

मी सायकलीवर उडी मारली. इतक्या जोराने मी कुठल्या गुन्हेगाराच्या मागेही गेलो नाही. गावात सासूला एकच विचारलं, घागरीत ताक कुणी ओतलं. ती आधी चिडली, मग तिने चुलीमागची खापरं दाखवली.

"मडकं फुटलं व्हतं," ती म्हणाली. "म्याच माळ्यावरची घागर काढली. रातभर ताक त्यातच व्हतं. कल्हईवाला दोन बाजार झाले, आला न्हाय."

त्याच संध्याकाळी बार्शीहून निरोप आला, सासरा शुद्धीवर आला. मी सुनेला स्वतः घरी पोचवलं. सासूने तिच्या काखेतली पोर घेतली आणि आपल्या छातीशी धरली.

निघताना मी सुनेला जरा रागानेच विचारलं, की बाई, रंग आहे हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

"सांगितलं की साहेब," ती म्हणाली. "घरी सांगितलं, ठाण्यात दोनदा सांगितलं. तुमी लिहीत व्हता."

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, काही सुटलेही. पण समोरचा माणूस बोलत असताना टाक खाली ठेवायचा, हा नियम मी मोडला नाही. तो कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. त्या दिवशी ठाण्यात परतल्यावर मी तिचा जबाब काढून वाचला. रंगाचा एक शब्दही त्यात नव्हता. 'समाधानकारक उत्तर देत नाही' असं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि त्याखाली तिचा अंगठा घेतला होता.