तेहेतीस पुस्तकांचं वाण

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात आणि तेहेतीस अनारशांचं वाण देतात. तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात सासऱ्यांनी अनारशांबरोबर सफारीचं कापडही दिलं होतं. मी शाळेत मास्तर, त्यातून पुस्तकी किडा. चार पाहुण्यांत बोलून गेलो, "मामा, कापड कपाटात पडून राहतं. पुस्तकं दिली असती तर वाचली तरी असती." सगळे हसले, सासरे तेवढे हसले नाहीत. घरी आल्यावर बायकोने दोन दिवस अबोला धरला, आणि तिचं बरोबर होतं.

यंदाचा अधिक महिना उन्हाळ्याच्या सुटीत आला. पहिल्याच दिवशी सासुरवाडीला, कनेरगाव नाक्याला धोंडे जेवलो. हात धुऊन बसलो तर सासऱ्यांनी सोयाबीनच्या बियाण्याची धुतलेली पिशवी पुढे ठेवली. आत पुस्तकं होती, मोजून तेहेतीस.

"हिंगोलीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत न्हाई. तुमी महिनाभरात समदे वाचा आन् चांगले कोणते ते सांगा. मी तेवढेच वाचीन."

सासरे चौथी शिकलेले. पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे. वर्षभर दर बाजाराला हिंगोलीला जाऊन त्यांनी ती पुस्तकं निवडली होती, हे बायकोने मला कळमनुरीला घरी परतताना सांगितलं. "थट्टा करू नका," एवढंच म्हणाली.

थट्टेला जागा भरपूर होती. शेळीपालनाचं एकच पुस्तक दोनदा आलं होतं. एका रहस्यकथेची शेवटची पानं गायब, त्यामुळे खुनी अजून मोकळा आहे. पण दीपगृहात राहणाऱ्या कुटुंबाची एक कादंबरी निघाली आणि तिच्यापायी माझा चहा दोनदा गार झाला. एका नर्सबाईंनी लिहिलेले नोकरीचे दिवस वाचून मी खोखो हसलो. परसातल्या पाखरांवरचं एक चिमुकलं पुस्तक तर मी उशाशीच ठेवलं. प्रत्येक पुस्तकात बाराव्या-पंधराव्या पानाशी एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट असायचं. सासरे परतीच्या बसमध्ये तिथवर वाचत असणार. इतका सुखाचा महिना माझ्या वाट्याला कित्येक वर्षांत आला नव्हता.

फक्त एक पुस्तक मी वाचलं नाही. विहिरी खोदणाऱ्या एका माणसाच्या आठवणी होत्या, त्यानेच छापलेल्या. कागद पिवळा, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. दहा पानांत कंटाळलो आणि ठेवून दिलं. तेहेतिसांत एक राहिलं तर कोण विचारतंय?

महिना संपायच्या दिवशी सासरे स्वतः कळमनुरीला आले. मी पुस्तकं मांडून ठेवली होती. दीपगृहाची कादंबरी पहिली, नर्सबाई दुसऱ्या, पाखरं तिसरी. का आवडली तेही परीक्षकाच्या थाटात सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी ते विहिरींचं पुस्तक हातात घेतलं, जरा चाळलं.

"आन् हे?"

"त्यात काही नाही, मामा. नाही वाचलं तरी चालेल."

"बराबर," म्हणाले, आणि पुस्तक जागेवर ठेवलं. माझी तीन पुस्तकं पिशवीत घालून दुपारच्या बसने गेले.

बायको पुस्तकं आवरायला लागली. विहिरींचं पुस्तक तिने उचललं आणि त्यातून तिकिटं पडली. एक नाही, सहा. म्हणजे सासऱ्यांनी ते सहा फेऱ्यांत शेवटपर्यंत वाचलं होतं. तिने तिकिटं गोळा करून परत पुस्तकात ठेवली. पुस्तक तेवढं माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

मी वाचायला बसलो. साठाव्या पानावर वाशिम रस्त्याच्या कडेच्या एका विहिरीची हकीकत होती. सुरुंगाची वात पेटल्यावर एक जण तळाशी अडकला आणि एका पोरसवद्या गड्याने खाली उतरून त्याला पाटीत घालून वर काढला. त्या गड्याचं नाव लिहिणाऱ्याला आठवत नव्हतं. शेजारी पेन्सिलीने, चौथी शिकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: तो मी.

मला स्वतःची लाज वाटली. पंचवीस वर्षं मी त्या घराचा जावई आहे, आणि तरुणपणी ते काय काम करायचे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने कनेरगावला गेलो. सासरे ओसरीवर बसले होते, पुढ्यात माझी दीपगृहाची कादंबरी उघडी.

"मामा, ते विहिरींचं पुस्तक मी वाचलंच नव्हतं. तुमच्याशी खोटं बोललो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "काल हातात घेतलं तवाच पाह्यलं. तिकिटं जिथल्या तिथं व्हते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"धोंड्याच्या महिन्यात जावयाला काहून बोलावं? महिना काल सरला." त्यांनी कादंबरी मिटून बाजूला ठेवली. "आता बसा. साठावं पान काढा आन् मोठ्यानं वाचा."

मी पान काढून वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं. लिहिणाऱ्याने विहिरीची खोली चुकवली होती.