शेंदराखालची अक्षरं

गोटेमामांना माणूस ओळखायला वेळ लागे, दगड मात्र लांबून ओळखू येई. रस्त्यात भेटले की आधी तुमच्या पायांकडे बघत. तुम्ही चुकून एखाद्या जुन्या दगडावर उभे असाल, तर "सरका जी जरासे" म्हणून तुम्हाला बाजूला करत, खाली बसत, धोतराच्या सोग्यानं तो पुसत आणि मान तिरपी करून उन्हात बघत. मग उठून विचारत, "बाकी घरी बरं?" आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, म्हणून ते गोटेमामा. खरं नाव मतदारयादीत असेल, पण त्या नावानं हाक मारली तर ते वळून बघत नसत.

आमगावहून बैलगाडीनं निघालं की दुपारपर्यंत आमचं गाव येई. मामांची तिथं धानाची शेती होती, दोन बैल होते आणि जिभेला धार असलेली मामी होती. गावाचा इतिहास गोळा करायचं खूळ त्यांना मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली तेव्हा लागलं. मालगुजार नागपूरला राहायला गेला, आणि जुन्या गोष्टी त्याच्याच घरात सांगितल्या जात, त्याही गेल्या. "आता हा गाव कोनं वसवला, तलाव कोनं खोदला, हे विचाराचं कोनाले?" असं म्हणत मामा माझ्या किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून राहत. तिथंच आमची मंडळी जमली. मंडळी म्हणजे मामा, शाळेतले मास्तर आणि मी. म्हाताऱ्यांना गाठायचं, त्यांच्या आठवणी, गाणी लिहून घ्यायची, कोसळलेल्या देवळांचे दगड धुऊन बघायचे. मामी दारातून आम्हाला ऐकवी, "घरच्या धानाच्या बांधीत तन माजून राहिलं, अन् हे गावचे गोटे धुऊन राहिले."

त्यातही मामांचा जीव अडकला होता तो तलावात. तलाव कोणी खोदला याच्या गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी राजा सांगे, कोणी राक्षस, कोणी एका रात्रीत पांडवांनी खोदला म्हणे. मामा चिडत. म्हणत, "ज्याच्या पान्यावर सारा गाव भात खाऊन राहिला, त्याचं नाव कोनाले माहीत नाही. आपन मानसं आहो का ढोरं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही पहिला घास घेताना ते आडवं येतं.

आणि एका उन्हाळ्यात तलाव आटला, पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा, एक भाग खचला आणि दगड निघाला. पुरुषभर उंच, एका अंगाला वर सूर्यचंद्र आणि खाली ओळीच्या ओळी अक्षरं. मामा त्याच्यापुढे चिखलात बसले आणि लहान पोरासारखे रडले. मास्तरांनी दोन दिवस डोकं फोडलं, पण लिपी जुनी, त्यांना एक अक्षर लागेना. काजळी लावून कापडावर ठसा घ्यायला गेलो, तर नुसते काळे डाग उठले. शेवटी मास्तरांनी नागपूरच्या एका जाणत्या पंडितांना पत्र घातलं. पावसाळा उलटल्यावर येतो, असं उत्तर आलं. आम्ही चौघा गड्यांच्या हातानं दगड पाळीवर नेऊन उभा केला. अक्षरं रस्त्याकडे केली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत म्हणून.

पावसाळ्याआधी गावात सडकेचं काम आलं. ठेकेदार गोंदियाचा, त्याला गिट्टी हवी होती आणि पाळीवरचे दगड आयते पडले होते. मजूर घण घेऊन एका टोकाकडून फोडत यायला लागले. मामा ठेकेदाराच्या पाया पडले. "यात आमच्या गावाचं नाव आहे जी, एवढा एक सोडा." ठेकेदार वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, "भाईसाब, पत्थर तो पत्थर है. बारिश सर पे है, काम रुक गया तो मैं क्या जवाब दूँ?" मामांनी कचेरीत अर्ज दिला. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, दगड कोणाच्या मालकीचा? दगड कोणाच्याच नावावर नव्हता, अर्ज परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात आले ते रात्रीच्या जागरणानं डोळे लाल होऊन. "शेंदूर दे," म्हणाले. किती, विचारलं, तर, "आहे तेवढा." जवसाच्या तेलात कालवून त्यांनी तो दगड वरून खालपर्यंत फासला, पुढ्यात नारळ फोडला आणि बाजूला जाऊन बिडी ओढत बसले. मजूर आले, बघून थबकले आणि पायातल्या वहाणा काढल्या. ठेकेदारानंही हात जोडले आणि गाड्या पुढे नेल्या. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. मामा म्हणाले, "मानसाचं नाव फोडतेत बे, देवाले कोनी फोडत नाही." पंडित आले की तेलाच्या बोळ्यानं पुसून टाकू, असा बेत होता.

पंडित त्या वर्षी आले नाहीत. आजारी पडले, मग त्यांच्या घरी काही झालं, पुढचंही वर्ष गेलं. इकडे सोमाचा पोरगा तापानं फणफणला. सोमा तलावात मासे धरून पोट भरणारा माणूस. डॉक्टर आमगावला, मध्ये नाला भरलेला. त्यानं पाळीवरच्या नव्या देवाला नवस केला आणि पोरगा उठून बसला. झालं. दर अमावास्येला शेंदराचा नवा लेप, पोळ्याला बैल तिथं, लग्नाचा नारळ तिथं. जवसाच्या तेलातला शेंदूर, वाळला की दगडाहून घट्ट. मामा ज्याला त्याला सांगत फिरत, "अरे नका लावू, खाली अक्षरं आहेत." लोक हो हो म्हणत आणि लावत. शेंदूर माझ्याच दुकानातून जाई. मी नाही म्हटलं की बाया माझ्याकडे असं बघत की जणू मी त्यांच्या लेकरांच्या जिवावर उठलो आहे.

पंडित अखेर आले तेव्हा दगडावर बोटभर थर होता. हत्यार लावल्याशिवाय निघणार नाही, म्हणाले. सोमा दगडाला पाठ लावून उभा राहिला. मोठ्यानं बोलला नाही. "मामा, तुमाले अक्षरं पायजेत. मले पोट्टा पायजे. तुमीच सांगा, मी काय करू?" सगळा गाव जमला. मामांनी डोक्यावरची टोपी काढून सोमाच्या पायाशी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यात देवबिव काही नाही, मीच शेंदूर फासला, गोटा वाचवासाठी खोटं केलं. कोणी रागावलं नाही. गर्दीतली एक म्हातारी मायेनं म्हणाली, "अन् तुले ते बुद्धी कोनं देली रे बाबा? देव कोनाच्या तरी हातानंच येते."

मामांनी टोपी उचलली. पंडित झाडाखाली चहा पिऊन परत गेले. मामा गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेले, "पुढच्या वर्सी या जी, मी समजावतो लोकाले," म्हणत राहिले. एकदा ते भर दुपारी विळा घेऊन एकटेच पाळीवर गेले. सोमाचा पोरगा तिथं झाडून काढत होता. त्यानं मामांना बघून पायाला हात लावला. मामा विळा तसाच घेऊन परतले. त्यानंतर आमची मंडळी पुन्हा बसली नाही. मास्तरांची बदली झाली. मामा रस्त्यानं जाताना खाली बघेनासे झाले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मामी दुकानात आली. कधी नव्हे ती हळू बोलली, "शेंदूर दे." मी म्हटलं, "मामी, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली, "अक्षरं वाचून कोनाचा ताप उतरते का? दे बाबा." मी पुडी बांधून दिली, तिच्यामागं गेलो. तिनं दगडाला लेप दिला, कपाळ टेकलं आणि बोटावर उरलेला शेंदूर घरी येऊन मामांच्या कपाळाला लावला. मामांनी डोळे उघडले. कुठून आणला, हे विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "मागच्या बाजूनं लावाचा होता रे. गोटा पाठमोरा उभा करून. एवढं कसं सुचलं नाही?"

ते गेले. त्यांची तिरडी पाळीवरून नेताना लोकांनी देवापुढं थांबवली, कारण हा देव त्यांच्याच स्वप्नात आला होता, असं तोवर गावात सांगू लागले होते. गावाच्या गोष्टीत पूर्वी पांडव होते, आता मामा आहेत. तलाव खोदणाऱ्याचं नाव अजून कोणाला माहीत नाही.

मी दुकानात शेंदूर ठेवणं बंद केलं. लोक आमगावच्या बाजारातून आणतात.