गार पंजे

मांजराचे मागचे पाय अचानक लुळे पडले, तर तुम्ही आधी डॉक्टर शोधता की गुन्हेगार?

मी जनावरांची डॉक्टर. तलवाड्यात भरदुपारी सुमनकाकूंच्या ओसरीवर पोचले, तेव्हा गुन्हेगार सापडला होता. काकूंचा बोका राजा पोत्यावर धापत होता. समोर उन्हात ताराबाई उभ्या होत्या. त्या काकूंच्याच रानात खुरपायला जायच्या, पाणीही काकूंच्याच बोअरचं भरायच्या.

"हिनंच काठी घातली, डाक्टरीणबाई. उद्यापासून बोअरवर पाय ठेवायचा न्हाई हिनं!"

"आवो, सुकट खात हुता. निस्तं हुसकिवलं म्या."

"मग पाय कावून गेले?"

मी डोळे मिटून स्टेथोस्कोप लावला. चिंचेची सावली हलत होती, लांब गिरणी घुमत होती. त्या सगळ्याच्या खाली, खूप आत, एक बारीक घोडा दौडत होता. हृदयाचे आवाज दोन-दोनच्या जोडीने येतात. इथे तिसरा येत होता. आम्ही त्याला गॅलप म्हणतो. तो घोडा दूर दूर चालला होता.

काकूंचा हात मी राजाच्या पुढच्या पंजावर ठेवला.

"ऊन हाय," त्या म्हणाल्या. मग मागचा पंजा. "आगं बाई! लई गार!"

"मार लागलेला पाय सुजतो, काकू. या पायांत रक्तच पोचत नाही."

जांघेत नाडी लागत नव्हती. मांजराच्या हृदयाला कधीकधी आतून सूज येते. ती उतरते, वण राहतो. वण ताणला जात नाही. रक्त तुंबतं, त्याची गुठळी होते आणि मागच्या पायांच्या वाटेवर अडकते.

"तुमी शिकलेल्या बाया तिच्याच बाजूनं बोलणार."

"मी राजाच्या बाजूनं बोलतेय."

वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी राजा गेला. मी पोस्टमॉर्टेमची परवानगी मागितली.

"कापायचं? लेकरागत वाढविलाय त्याला."

"माझ्यावर नको, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा."

दोघींसमोर ते छोटं हृदय उघडलं. आत डावीकडे ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा वण होता. काकू बराच वेळ बघत राहिल्या. माफी मागितली नाही. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "तारे, हंडा आन. लाईट जाईल मग."

पंजा तपासायला काही लागत नाही. आरोप करायलाही काही लागत नाही, आणि तोच आधी होतो.

तेव्हा एवढं करा. मांजर तोंड उघडून धापत असेल, त्याचे पाय लुळे पडले असतील, तर चारही पंजे हातात घेऊन बघा आणि त्याला तडक दवाखान्यात आणा. बोट कोणाकडे दाखवायचं, ते मग ठरवा.