बाईंनी तलावाचं औषध बदललं

पोहायला शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने त्यांना घरामागे तलाव बांधून दिला. दुसरा एखादा नवरा घड्याळ देऊन मोकळा झाला असता. पण हे गृहस्थ चष्मेवाले. 'आता दिसतंय? आणि आता?' असं लोकांना विचारण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट उरकून टाकणं त्यांना जमत नसे. तलाव फार मोठा नव्हता. बाईंनी भिंतीला पाय लावून रेटा दिला की चार हात मारेपर्यंत पलीकडची भिंत यायची. लोकांना सांगताना मात्र पंचाईत व्हायची. 'आमच्या घरी पूल आहे' म्हटलं की समोरचा विचारायचा, 'कशावर?' म्हणून चष्मेवाले त्याला तलाव म्हणायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, त्याला हौद म्हणायची आणि रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामासाठी त्यात उतरायची.

नोकरीत असताना बाईंचा दिवस सार्वजनिक तलावात जायचा. संध्याकाळी त्या घरी यायच्या त्या क्लोरीनच्या वासासकट. केस सुंभासारखे, बोटं सुरकुतलेली आणि डोळे लालबुंद. चष्मेवाले त्यांना खुर्चीत बसवायचे, मान मागे करायला सांगायचे आणि डोळ्यांत थेंब घालायचे. लग्नानंतरची कित्येक वर्षं त्या दोघांचा संध्याकाळचा मुख्य संवाद 'वर बघ' आणि 'मिटून घे' एवढाच होता.

म्हणून घरचा तलाव बांधताना चष्मेवाल्यांनी एक गोष्ट ठरवूनच टाकली. आपल्या पाण्यात क्लोरीनचा थेंब पडणार नाही. त्यांनी चौकशी करून दुसरं औषध शोधून काढलं. ते निळं होतं, त्याला वास नव्हता आणि ते डोळ्यांना झोंबत नव्हतं. त्याच्या जोडीला पाण्यातली घाण जाळणारं आणखी एक बिनरंगाचं औषध घालावं लागे. बाई पहिल्या दिवशी पोहून बाहेर आल्या, तेव्हा चष्मेवाल्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना ते पाणी अळणी वाटलं होतं. पण ज्या माणसाने आपल्यासाठी खड्डा खणला, त्याला हे कसं सांगणार?

काही वर्षं बरी गेली. मग पाणी बिघडायला लागलं. आधी शिडीच्या मागे गुलाबी बुळबुळीत थर आला. मग पाण्यात पांढरे पापुद्रे तरंगायला लागले, ओल्या कागदाचे कपटे असावेत तसे. फिल्टर सारखा तुंबायचा. चष्मेवाले आणखी निळं औषध घालायचे, आणि पापुद्र्यांना ते मानवायचं. शेवटी तलावाचा तळ दिसेनासा झाला.

"दिसतोय की," चष्मेवाले म्हणायचे.

"अरे, मला माझे पाय दिसत नाहीत," नणंद म्हणाली. "हौदातून बाहेर आलं की आंघोळ करावी लागते. मग हौदाला हौद का म्हणायचं, डबकं म्हणू या."

चष्मेवाल्यांनी त्या रात्री तलावात आणखी निळं औषध ओतलं. बहिणीने तलावाला नाव ठेवलं म्हणजे आपल्या डोळ्यांनाच नाव ठेवलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलं.

बाई दुसऱ्या दिवशी एकट्याच तलावाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदारीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की त्या निळ्या औषधाचं कधीकधी असं होतं. पाण्यातल्या बुरशीला त्याची सवय होते. क्लोरीनवर जायचं तर आधी दोन्ही जुनी औषधं बंद करा, त्यांचं प्रमाण उतरू द्या, मग रोज संध्याकाळी क्लोरीन घाला. रात्रभर ते टिकलं तर पाणी सुधारलं असं समजा. त्यानंतर फिल्टरमधली वाळू बदला.

"आणि एक सांगते," दुकानदारीणबाई म्हणाल्या, "मधे पाणी फार वाईट दिसेल. घाबरू नका. घरात कोणी घाबरणारं असेल तर त्यांना कुठेतरी पाठवून द्या."

बाईंच्या डोळ्यांसमोर घाबरणारं माणूस उभं राहिलं. त्याला पाठवायला जागा नव्हती.

चष्मेवाले तलावाच्या काठावर जाळीने पापुद्रे काढत होते. बाईंनी क्लोरीनचे कॅन तिथेच नेऊन ठेवले. चष्मेवाल्यांनी कॅनकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हे माझ्या तलावात नको," ते म्हणाले.

"तलाव माझा आहे. तुम्ही दिलात."

"म्हणूनच नको. त्या वासाने तुला जन्मभर छळलं. रोज डोळे लाल करून यायचीस. विसरलीस?"

बाई शेजारच्या पायरीवर बसल्या. त्या पाण्यात सहज उतरणाऱ्या बाई होत्या, पण बोलण्यात उतरायला त्यांना वेळ लागत असे.

"अहो, पोहताना मी चष्मा लावायचे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच करून दिला होतात. पाण्याचा थेंब आत जायचा नाही."

चष्मेवाल्यांनी जाळी खाली ठेवली. हे त्यांना ठाऊक होतं. तो चष्मा त्यांनी स्वतःच्या हाताने बाईंच्या चेहऱ्यावर बसवला होता. इतकी वर्षं त्यांनी त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

"मग डोळे कशाने लाल व्हायचे?"

"आपलं बाळ गेलं, त्यानंतर व्हायचे. घरी रडले असते तर तुम्ही खचला असता. तलावावर कोणी विचारत नाही. सगळ्यांचेच डोळे लाल असतात." बाईंनी पायाने पाणी ढवळलं. "पुढे पुढे रोज नाही रडायचे. पण तुम्ही थेंब घालायचात ते बरं वाटायचं, म्हणून काही बोलले नाही."

बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं होतं. दवाखान्यातून परतल्यावर त्या घरात त्याचा विषय पुन्हा निघाला नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला सोसणार नाही.

चष्मेवाले बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझ्या दुकानात डोळे तपासायची अंधारी खोली होती ना."

"हो."

"गिऱ्हाईक नसलं की मी तिथे जाऊन बसायचो. नोकर समजायचा, साहेब भिंगं पुसतायत."

एवढ्यात नणंद टॉवेल घेऊन आली. दोघांना डोळे पुसताना पाहून म्हणाली, "आजच आणलंत वाटतं क्लोरीन? मला इथपर्यंत झोंबतंय." कॅनचं झाकण अजून उघडलंही नव्हतं.

निळं आणि बिनरंगाचं, दोन्ही औषधं त्या दिवशी बंद झाली. त्यांचं प्रमाण उतरेपर्यंत दोघं थांबली, आणि मग एका संध्याकाळी बाईंनी काठाकाठाने फिरत क्लोरीन ओतलं. दुकानदारीणबाईंनी सांगितलं होतं त्यात तसूभरही खोटं निघालं नाही. पाणी आधी पिवळं झालं, मग हिरवं, मग गंजल्या पाइपातून यावं तसं तपकिरी. वर फेस आला. तळाशी चिकट काट बसला. सकाळी तपासायची पट्टी बुडवली की क्लोरीनचा मागमूस नसायचा. रात्रीतून पाण्याने सगळं गिळलेलं असायचं. संध्याकाळी बाई पुन्हा ओतायच्या.

चष्मेवाले घाबरले, पण शिस्तीत घाबरले. दर सकाळी पट्टी डोळ्यांजवळ धरून ते रंग जुळवायचे आणि 'काही नाही' असं जाहीर करायचे. मग ब्रश घेऊन भिंती घासायचे. नणंद खुर्ची टाकून देखरेख करायची.

"वहिनी मला पाण्यात पाहते असं मी सगळीकडे सांगत होते," ती म्हणाली, "आता पाण्यात कोणी कोणाला पाहूच शकणार नाही."

"वन्सं, तुम्ही तो पाइप धरा," बाई म्हणाल्या. नणंदेने पाइप धरला. तळाचा काट ओढून बाहेर टाकायला त्या दिवसापासून तिसरं माणूस मिळालं.

एका सकाळी चष्मेवाल्यांनी पट्टी दोनदा बुडवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टिकलंय," ते म्हणाले.

मग फिल्टर उघडला. आतली वाळू वाळूसारखी राहिलीच नव्हती. तिचे चिकट गोळे झाले होते. ते खरवडून काढण्यात अख्खा दिवस गेला आणि चष्मेवाल्यांची कंबर धरली ती धरलीच. नवी वाळू भरून मोटर सुरू केली. त्यानंतर पाणी निवळत गेलं. दुधाळ झालं, मग पातळ ताकासारखं, आणि मग तळाच्या फरशीवरचा एक तडा दिसला. तो तडा पहिल्या दिवसापासून तिथे होता म्हणे. चष्मेवाल्यांनी तो आत्ताच पाहिला.

क्लोरीनचं प्रमाण पोहण्याइतकं खाली आल्यावर बाई उतरल्या. तळाशी जाऊन वर आल्या आणि भिंतीला टेकून राहिल्या. केसांना तो जुना वास येत होता.

"कसं वाटलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आता छान आहे," बाई म्हणाल्या. "या आत."

"मला पोहता येत नाही."

"हे मला माहीत आहे. मी पोहायला शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

चष्मेवाले घरात गेले. ते परत येतील असं नणंदेला वाटलं नाही. ते आले. जुनी अर्धी विजार, वर बनियन आणि डोळ्यांवर चष्मा. शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते एकेक पायरी उतरले. पाणी पोटाला लागल्यावर त्यांनी असा काही श्वास घेतला, की शेजारच्या घराची खिडकी उघडली. बाईंनी त्यांच्या मानेखाली हात ठेवला आणि आयुष्यभर अनोळखी माणसांना सांगितलं तेच त्यांना सांगितलं.

"अंग सोडा. मी धरलंय."

"धरलंयस ना?"

"धरलंय."

चष्मेवाले विद्यार्थी म्हणून वाईट निघाले. प्रत्येक सूचनेला कारण विचारायचे, नाकात पाणी गेलं की शिकवण्याची पद्धत चुकली असं म्हणायचे, आणि दांडा सोडायला त्यांना दोन आठवडे लागले. बाईंनी त्यांना एकही सवलत दिली नाही. उन्हाळा संपता संपता ते तलावाची रुंदी पार करायला लागले. लांबी अजून व्हायची आहे.