आळणी पाटोडी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही—तिथेही मी भलतंच काही मागून उठत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगायचं तर पाटोडीपासूनच सांगावं लागेल.

लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता, अंमल इंग्रजांचा होता. आमचा भाजीचा मळा गावाला लागूनच. सासू नव्हती. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे. थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि त्यांची बायको वच्छलाबाई. आणि आम्ही दोघं. मामाजी वांगी-मिरच्या घेऊन आगगाडीने अकोल्याच्या बाजारात जायचे. माल विकला की स्टेशनाजवळच्या एका खानावळीत पाटोडीचा रस्सा खायचे. बेसनाच्या जाड वड्या आणि वर बोटभर लाल तर्री. घरी येऊन त्या रश्श्याचं असं वर्णन करायचे, की पुढ्यातलं जेवण आम्हाला फिकं लागायचं.

मग त्यांच्या अंगावर सूज आली. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी आम्हा दोघी जावांना समोर उभं करून सांगितलं—तेल-तिखट नावापुरतं, आणि मीठ बंद. साफ बंद. मीठ पोटात गेलं तर पाणी चढेल, मग माझ्या हातात काही नाही. मी ते ऐकलं. नीट ऐकलं—हे आधीच सांगून ठेवते.

आळणी घास मामाजींच्या घशाखाली उतरेना. ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून पडायचे. तेव्हा मी म्हणाले, अकोल्याची पाटोडी मी घरी करून पाहते, त्यांना चालेल अशी. मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वच्छलाबाई सुगरण, तिच्या हाताचं गावात नाव. माझ्या भाकरीला सगळे हसायचे. मामाजींची काळजी होती—होती, खोटं कशाला बोलू? पण एकदा तरी तिच्या वर जायचं होतं, हेही तितकंच खरं.

बेसनात मुगाचं पीठ मिसळलं. खोबरं वगळलं, तीळ आणि जवस भाजून वाटले. तर्रीचा रंग यावा म्हणून लाल भोपळा शिजवून रश्श्यात घोटला. मिठाच्या जागी लिंबू आणि आंबट चुका. दिसायला अगदी खानावळीतला रस्सा! मामाजींनी एक घास घेतला.

“हे तं दुखणेकऱ्याचंच जेवण हाय,” ते म्हणाले आणि पडून राहिले.

वच्छलाबाई हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “उद्या जमन, धाकले.”

दुसऱ्या दिवशी मी मीठ टाकलं.

चिमूटभर—असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मामाजींनी वाटी पुसून खाल्ली. “अकोल्याची चव आणली पोरीनं!” त्यांचे डोळे भरून आले होते. वच्छलाबाईने हळूच विचारलं, “मीठ तं नाही न टाकलं, व?”

“नाही जी. निंबू हाय, तीळ हाय.”

इतकं सहज! शब्द तोंडातून गेला आणि मीच दचकले—हे कोण बोललं? खोटं बोलायला आधी थोडं तरी अडखळायला हवं ना माणसाने? मी अडखळलेच नाही.

धाकलीच्या आळणी पाटोडीचं सगळीकडे नाव झालं. शेजारणी कृती विचारायला आल्या. डॉक्टरांच्या घरूनही निरोप आला. सगळं सांगितलं मी त्यांना, भोपळा कसा घोटायचा इथपर्यंत. एक दिवस खरंच मीठ न घालता वाढलं. मामाजींनी माझ्याकडे बघितलं—“आज हात चुकला काय, पोरी?” मी लिंबू आणायला म्हणून आत गेले आणि मीठ घेऊन आले. चिमूट केव्हाच मागे पडली होती. सूज पोटापर्यंत चढली होती. मला दिसत होती. रोज ताट मीच वाढत होते, दिसणार नाही कशी?

डॉक्टर संतापले. मीठ कोण देतंय? घरातल्या कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे का बघतील? तेव्हा वच्छलाबाई पुढे आली. मामाजी फार गयावया करत होते, म्हणून लोणच्याची एक फोड दिली होती तिने. एकदाच. भासऱ्यांनी सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. तिने हातसुद्धा आड केला नाही.

मी चुलीपाशी उभी होते. रस्सा उकळत होता—त्यात मीठ पडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी पदराने पातेलं उतरवलं, मागच्या दाराने जाऊन उकिरड्यावर ओतलं, आणि परत येऊन वच्छलाबाईला पाणी दिलं.

त्यानंतर मी मिठाला हात लावला नाही. पण आता मामाजींना श्वासच पुरत नव्हता. ते गेले.

तेरावं झाल्यावर वच्छलाबाई मला मळ्यातल्या विहिरीपाशी घेऊन गेली. खाली बसली आणि माझे पाय धरले. “म्याच मारलं त्याईले, धाकले. घरात कोणी मले बोलून नाही राहिलं. तू तरी बोल.”

आणि मी काय केलं? तिला उठवलं. जवळ घेतलं. म्हणाले, “तुमी काही मुद्दाम थोडी केलं, बाई?” मी तिला क्षमा केली. मी—तिला! ती माझ्या खांद्यावर रडली, आणि मला चक्क बरं वाटलं.

भासऱ्यांनी पुन्हा कधी तिच्या हातचं खाल्लं नाही. चूल माझ्याकडे आली. ती सुगरण बाई उरलेलं आयुष्य माझी खरकटी भांडी घासत राहिली, आणि चारचौघांत माझ्या स्वयंपाकाची तारीफ करत राहिली. मी ती ऐकून घेत राहिले.

मागच्या साली ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती. मला जवळ बोलावून विचारलं, “मामाजी तिथं मले काय म्हणतीन, व?”

खोलीत आम्ही दोघीच होतो. भासरे कधीचेच गेले होते, माझा नवराही गेला होता. भ्यावं असं कोणी उरलं नव्हतं.

“काही नाही म्हणत, बाई,” मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मी तिच्या ओठांना पाणी लावलं.